एगोन सभ्य झाला

त्या उन्हाळ्यात एगोन कुबाला अचानक सभ्य झाला आणि दुरसुन काराओस्मानच्या जिवाला घोर लागला.

एगोन म्हणजे जन्माचा खडूस. ‘सकाळचं ऊन’ या आमच्या बागवसाहतीत त्याच्याइतका किरकिरा माणूस दुसरा नव्हता, आणि हे मी कौतुकानं सांगतोय. कोळशाच्या बंद पडलेल्या खाणीच्या जुन्या ढिगाऱ्याखाली, रेल्वेच्या रुळांना लागून आमचे बागेचे तुकडे आहेत. प्रत्येकात एक लाकडी खोपटं, चार झाडं, दोन वाफे आणि भिंतीवर टांगलेली नियमावली. रविवारी यंत्र चालवायचं नाही. दुपारी खिळासुद्धा ठोकायचा नाही. कुंपणाची झाडं सव्वा मीटरच्या वर जाऊ द्यायची नाहीत. एगोनचा तुकडा दुरसुनच्या शेजारी. मधलं कुंपण दुरसुनचं, पण जीव त्यात एगोनचा अडकलेला.

दर वर्षी जूनअखेरीला एगोन खिशातून घडीची पिवळी मोजपट्टी काढायचा, ती कुंपणाला लावायचा आणि बोंब ठोकायचा, “ए लसण्या! हे कुंपण आहे का जंगल? आत वाघ पाळलायस का?”

“वाघ नाही, डुक्कर आहे,” दुरसुन इकडून ओरडायचा. “पण ते तुझ्या बाजूला आहे, बटाट्या!”

मग तासभर चालायचं. शेगडीचा धूर, एगोनच्या झाडाची सडकी आलुबुखारं, दुरसुनच्या रेडिओवरची रडकी गाणी, सगळं एकदा काढून व्हायचं. दोघांचे घसे बसले की दुरसुनची बायको नेबाहत कुंपणावरून चहाचे दोन छोटे पेले पुढे करायची आणि म्हणायची, “प्या, आणि उरलेलं उद्या भांडा.”

लसण्या आणि बटाट्या ही नावं खाणीतली, दोघं तिथे कामाला होते तेव्हाची. तुर्क लसूण खातात म्हणून तो लसण्या आणि जर्मन बटाटे खातात म्हणून हा बटाट्या. त्यात डोकं लढवण्यासारखं काही नाही, खाणीत डोकं लढवायला कुणाला वेळ होता?

दुरसुन बापामागोमाग तुर्कांच्या मुलुखातून, रिझेच्या डोंगरातून आला तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पाळी संपवून वर आलं की सगळे कोळशानं काळेठिक्कर. मोठ्या न्हाणीघरात ओळीनं उभं राहून आंघोळ. तिथली रीत अशी की स्वतःची पाठ स्वतःला घासता येत नाही, म्हणून शेजारच्यानं घासायची. नुसतं “पाठ!” म्हणायचं आणि वळायचं. ना कृपया, ना आभार. आता हे सगळे उघडेनागडे, आणि दुरसुन चड्डी घालून आत शिरलेला, कारण परक्यासमोर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकून राहायचं हे बापानं बजावलेलं. न्हाणीघर हसून हसून लोळलं. “लसण्या आंघोळीला नाही, चड्डी धुवायला आलाय!” असं सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल? एगोनच.

पहिला आठवडा दुरसुनची पाठ कुणी घासली नाही. तो तशीच काळी पाठ घेऊन घरी जायचा. पुढल्या सोमवारी एगोन शेजारी येऊन उभा राहिला, स्वतःहून त्याचा खांदा धरून त्याला वळवलं आणि म्हणाला, “लसण्या, पाठ!” त्या दिवसापासून खाण बंद पडेपर्यंत दुरसुनची पाठ एगोननं घासली आणि एगोनची दुरसुननं. चड्डी मात्र दुरसुननं कधी सोडली नाही. एकानं ती ओढायचा चावटपणा केला तेव्हा एगोननं, तिथे कपडे साखळीला अडकवून वर ओढून ठेवायचे, तर त्याचे कपडे थेट छताला नेले, साखळीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून घरी गेला. तो माणूस संध्याकाळपर्यंत न्हाणीत कुडकुडत बसला होता.

तर असं हे प्रकरण. चांगलं चाललं होतं. आणि मग नगरपालिकेला संवादाची उबळ आली.

कारणही तसंच झालं होतं, उगाच का म्हणा. स्टेशनमागच्या मशिदीच्या भिंतीवर कुणीतरी घाणेरडं लिहून ठेवलं. मशिदीतल्या पोरांनी रागानं रस्ता अडवला. वर्तमानपत्रात आठवडाभर ‘ते’ आणि ‘आपण’ असा घोळ चालला. बेकरीत गेलं तरी लोक दुरसुनकडे बघून आवाज खाली करायचे. मग नगरपालिकेनं फ्राउ, म्हणजे श्रीमती, लिनेमान या डॉक्टरबाईंना नेमलं. या सुया टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत, संवादाच्या डॉक्टर. बाई मनानं चांगल्या. दुरसुनच्या खोपटाबाहेरसुद्धा त्यांनी बूट काढले आणि ओल्या मातीत मोज्यांवर उभ्या राहिल्या, तेव्हा नेबाहतला त्यांची दया आली आणि तिनं त्यांना स्वतःच्या सपाता दिल्या.

“मला जिवंत उदाहरण हवंय,” बाई म्हणाल्या. “एक जर्मन, एक तुर्क. रोज एकमेकांशी बोलणारे.”

वसाहतीचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, टापं यांनी लगेच बोट दाखवलं. “हे दोघं बोलतात. रेल्वेपलीकडेही ऐकू जातं.”

शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. व्यासपीठावर तीन खुर्च्या आणि मध्ये छोट्या टेबलावर डोळे पुसायच्या कागदी रुमालांचा डबा. तो डबा बघूनच दुरसुनच्या मनात पाल चुकचुकली. समोर सगळी वसाहत, मशिदीची मंडळी, वर्तमानपत्राचा फोटोवाला. एगोननं लग्नातला कोट चढवला होता, तो पोटावर बसत नव्हता.

सुरुवात झोकात झाली. एगोन माईकवर म्हणाला, “यात सांगायचं काय? मी या लसण्याला चांगला ओळखतो...”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या, वसाहतीतल्याच फ्राउ ब्योकमान यांनी तोंडावर हात ठेवला. एगोनला कळेना काय झालं. तो पोटावरची बटणं चाचपून बघायला लागला.

फ्राउ लिनेमान हळू आवाजात दुरसुनकडे वळल्या. “हेर काराओस्मान, हा शब्द ऐकून तुम्हाला काय वाटतं?”

“काही नाही,” दुरसुन म्हणाला.

“पहिल्यांदा ऐकला तेव्हा? जरा आठवून पाहा.”

“छे हो, बाई. काय आठवायचं त्यात.”

बाई पुढे झुकल्या. डोळ्यांत इतकी माया की बघवत नव्हतं. “थोडंसं तरी? कुठेतरी आत?”

इथे दुरसुनचं चुकलं, आणि ते कसं चुकलं हे आमच्या तुर्क माणसालाच कळेल. दुरसुनच्या घरी शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत. त्याची आई करत नव्हती, नेबाहत करत नाही. काहीच नसलं तर मूठभर अक्रोड टाकतील, पण रिकामी नाही. आणि इथे ही बाई, मोज्यांवर चिखलात उभी राहिलेली, तीन वेळा आपला प्रश्न पुढे धरत होती. अख्खं सभागृह बघत होतं. तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? दुरसुननं आत चाचपडलं, हाताला लागलं ते उचललं आणि तिच्या ताटलीत ठेवलं.

“हो,” तो म्हणाला. “पहिल्यांदा लागलं होतं थोडं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मशिदीच्या मंडळींनी माना डोलावल्या. फ्राउ लिनेमाननं डब्यातला रुमाल काढला आणि पुढे केला, तो दुरसुनपुढे नाही, एगोनपुढे. एगोन पांढराफटक पडला होता. त्यानं रुमाल घेतला आणि कोटाच्या खिशात नीट घडी करून ठेवला, पण डोळे पुसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याच क्षणाचा फोटो आला आणि खाली लिहिलं होतं: अखेर ऐकून घेतलं.

त्यानंतर चार दिवस एगोन बागेत फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला. दुरसुननं मुद्दाम शेगडी पेटवली, ओलं लाकूड घातलं आणि धूर बरोबर कुंपणापलीकडे जाईल असा बेत केला. भांडणाला तोंड फुटावं म्हणून तो मिशीत हसत वाट बघत बसला.

कुंपणावर एगोनचं डोकं वर आलं. डोळे लाललाल.

“नमस्कार, हेर काराओस्मान.”

दुरसुननं मागे वळून पाहिलं. हेर काराओस्मान म्हणजे त्याचा बाप, आणि तो तर रिझेत मशिदीमागे कधीचाच पुरलेला.

“तुमच्या धुरामुळे,” एगोन लिनेमानबाईंनी दिलेल्या छोट्या पुस्तिकेत डोकावत म्हणाला, “माझ्या मनात एक भावना निर्माण होत आहे. ती भावना माझी आहे. तिची जबाबदारी तुमच्यावर नाही.”

“डोळे चुरचुरतायत का?”

“ते माझे डोळे आहेत,” एगोन म्हणाला आणि खाली बसला.

दुरसुन धावत खोपटात गेला. “नेबाहत, एगोनला झटका आलाय!”

नेबाहत कुंपणाकडे बघून आली आणि हसत सुटली. “झटका कसला? शहाणा झालाय तो. इतकी वर्षं तूच म्हणत होतास ना, देवा, याला अक्कल दे? दिली देवानं. आता घे.”

पण देवानं दिलेली ही अक्कल काही उतरेना. जून संपला. कुंपण वाढलं, सव्वा मीटर ओलांडून दुरसुनच्या नाकापर्यंत आलं, आणि एगोन मोजपट्टी घेऊन आला नाही. दुरसुन रोज मुद्दाम कुंपणापाशी घुटमळायचा, खोकायचा. एकदा तर स्वतःच म्हणाला, “वाढलंय हं जरा.” पलीकडून आवाज आला, “प्रत्येक संस्कृतीची हिरवळीची कल्पना वेगळी असते.” रेडिओ मोठ्यानं लावला तर एगोन म्हणे, “भाषा कळत नाही, पण वेदना पोचते.” दुरसुनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वेदना कसली डोंबलाची? ते लग्नातलं गाणं होतं!

शेवटी दुरसुन सरळ त्याच्या फाटकातून आत गेला. “हे बघ एगोन, त्या दिवशी मी उगाच बोललो. बाई विचारत होती, तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून बोललो. मला काही लागलंबिगलं नव्हतं.”

एगोननं पुस्तिका उघडली, पान शोधलं आणि शांतपणे वाचलं, “ज्याला लागतं, तो बहुतेकदा लागलं नाही असं म्हणतो.” मग पुस्तिका मिटून म्हणाला, “हेर काराओस्मान, माझ्यासाठी तुम्ही स्वतःचं दुःख लहान करू नका.”

“अरे, दुःख नाहीच आहे तर लहान काय करू?”

“हेसुद्धा यात लिहिलंय,” एगोन म्हणाला.

दुरसुन कपाळाला हात लावून परत आला.

मोहर्रम आला. नेबाहतनं मोठ्या पातेल्यात आशुरे शिजवली. गहू, छोले, जर्दाळू, अंजीर, वरून डाळिंबाचे दाणे. नूह पैगंबरांनी तारू किनाऱ्याला लागल्यावर उरलंसुरलं सगळं एकत्र शिजवलं, तीच ही खीर, आणि ती शेजाऱ्यांना वाटायची असते. पहिली ताटली दर वर्षी एगोनकडे. आणि त्याच्याकडून दर वर्षी ताटली बटाट्याचं सॅलड भरून परत. त्याची बायको वाल्ट्राउड होती तोवर ती करायची, तीन वर्षांपूर्वी ती गेल्यावर एगोन स्वतः करायला लागला. जर्मन माणूस त्यात डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतो. एगोन सवयीनं घालायचा, मग जीभ चावायचा आणि बसून एकेक तुकडा बोटांनी वेचून काढायचा. “सगळे काढलेत,” तो कुंपणावरून ओरडायचा. “एखादा सापडलाच तर तो बटाटा समज!” त्यावर जे भांडण व्हायचं ते वर्षातलं सगळ्यात मोठं. सॅलड अर्थातच कधी खाल्लं गेलं नाही. नेबाहत पाखरांना घालायची आणि एगोनला सांगायची, छान झालं होतं, मीठ कमी होतं.

या वर्षी ताटली परत आली ती धुऊन, पुसून, लखलखीत. तिच्यात चॉकलेटचा डबा. दुकानातला. वर सोनेरी फीत, आणि फितीखाली हलाल असल्याचा शिक्का, मुद्दाम वरच्या बाजूला, दिसेल असा.

नेबाहत इतके दिवस हसत होती. तो शिक्का बघून ती स्टुलावर बसलीच.

“हे काय रे?” ती म्हणाली. “असलं तर दवाखान्यातल्या साहेबाला देतात. अरे माणसा, हा आपल्याला परकं समजायला लागलाय.”

डब्याबरोबर निरोप होता, एगोननं तो तोंडीच सांगितला. कुंपणापलीकडे टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “महिनाअखेरच्या सभेत मी माझा तुकडा वसाहतीला परत करतोय. ओल्डनबुर्गला मुलीकडे जाईन. तुम्हाला चांगला शेजारी मिळायला हवा. ज्यानं कधी लागेलसं बोललं नाही असा.”

ओल्डनबुर्गच्या त्या मुलीचं घर पाचव्या मजल्यावर, गॅलरीत एक कुंडी. तिथे एगोन कुणाशी भांडणार? कुंडीशी? वाल्ट्राउड गेली त्या हिवाळ्यात एगोन दाढीसुद्धा करत नव्हता. रोज कुंपणापाशी येऊन दुरसुनला दोन शिव्या घातल्या की त्याच्या गालांवर रंग यायचा, हे नेबाहतनंच ओळखलं होतं. “जा,” ती म्हणायची, “त्याला जरा चिडवून ये, सकाळपासून काही खाल्लं नाही त्यानं.” आणि दुरसुनचं तरी काय वेगळं होतं? मुलं लांब शहरांत. मशिदीत म्हातारे, सगळे आपापल्या गुडघ्यांवर बोलणारे. त्याला ओळखणारा, त्याच्या तरुणपणाची काळी पाठ पाहिलेला माणूस या देशात एकच उरला होता, आणि तो टोपी हातात घेऊन निरोप घेत होता.

दुरसुन नगरपालिकेत फ्राउ लिनेमानकडे गेला. बाईंनी उठून हात मिळवला. “हेर कुबालांमध्ये किती प्रगती झालीये, ऐकलं मी!”

“ती प्रगती परत घ्या,” दुरसुन म्हणाला.

“म्हणजे?”

“त्याला परत पहिल्यासारखा बिघडवून द्या. जमेल तेवढा.”

बाई आधी हसल्या, मग दुरसुनचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या. त्यानं सगळं सांगितलं, ताटलीचं, चॉकलेटचं, ओल्डनबुर्गचं. बाईंनी चष्मा काढून पुसला. “हेर काराओस्मान,” त्या म्हणाल्या, “मी माणसांना सौम्य बोलायला शिकवते. उलटं कसं करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. खरंच माफ करा.” दुरसुनला त्यांचा राग आला नाही. येताना त्यानं आणलेली अंजिरं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघाला.

सभा रविवारी संध्याकाळी होती. त्याच रविवारी भर दुपारी दुरसुननं खोपटातून कुंपण कापायचं पेट्रोलचं यंत्र बाहेर काढलं.

नेबाहत दारात आडवी आली. “वेड लागलं का? रविवार आहे! दुपार आहे! इथे रविवारी बादली आपटली तरी लोक पत्र लिहितात!”

“म्हणूनच,” दुरसुन म्हणाला आणि दोरी ओढली.

असा आवाज ‘सकाळचं ऊन’मध्ये रविवारी दुपारी वसाहत स्थापन झाल्यापासून झाला नसेल. कबुतरं उडाली. आरामखुर्च्यांमधली माणसं टुणकन उठून बसली. दुरसुन कुंपणावर तुटून पडला आणि एका डोळ्यानं एगोनच्या खिडकीकडे बघत राहिला. पडदा हलला. पण बाहेर कुणी आलं नाही.

आले ते अध्यक्ष हेर टापं. अर्धी चड्डी, हातात नियमावली. दुरसुनला हायसं वाटलं. चला, आता तमाशा होईल, आणि तमाशा म्हटला की एगोन घरात बसणं शक्य नाही. त्यानं यंत्र जरा हळू केलं.

हेर टापं यांनी नियमावली पाठीमागे लपवली. तेही सभागृहात होते ना त्या दिवशी. “हेर काराओस्मान,” ते म्हणाले, “तुमचा काही सण आहे का आज?”

“सण? नाही! मी रविवारी यंत्र चालवतोय!”

“कळलं, कळलं,” हेर टापं घाईघाईनं म्हणाले. “तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आम्ही आदर करतो.”

तोवर फ्राउ ब्योकमान आल्या, कानांत कापसाचे बोळे. “मी वाचलंय याबद्दल,” त्या हेर टापंच्या कानात ओरडल्या. “मोहर्रममध्ये करतात!”

“काय करतात मोहर्रममध्ये?” दुरसुन किंचाळला. “कुंपण कापतात? अहो, नियम मोडतोय मी! नववा नियम! ओरडा ना कुणीतरी!”

“तुमचा राग आम्ही समजू शकतो,” हेर टापं म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी त्याच्यासाठी लिंबाचं सरबतही आणून ठेवलं.

आता मात्र दुरसुनचं डोकं फिरलं. ही कसली माणसं? इतकी वर्षं साधी बादली वाजली तर अंगावर येणारी, आणि आज भर दुपारी कान फाटतोय तर सरबत देतायत! म्हणजे आपण यांच्यातले नाहीच की काय? पाहुण्यालाच फक्त सगळं माफ असतं. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचं धड दिसेना, आणि तो तसाच सपासप कापत सुटला. इथे खोल, तिथे उंच, मध्ये भगदाड.

खाडकन दार उघडलं.

“दोरी!” एगोन ओरडला. “दोरी कुठंय, गाढवा? खुंट्या ठोकून दोरी बांधल्याशिवाय कुणी कुंपण कापतं का? डोळे फुटलेत का? वाकडं! सगळं वाकडं केलंस, लसण्या!”

यंत्र बंद झालं. फ्राउ ब्योकमान यांनी कानांतले बोळे काढले आणि परत घातले. एगोननं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं होतं. पायांत एकच चप्पल, हातात पिवळी मोजपट्टी. म्हणजे ती त्यानं खिडकीपाशीच ठेवली होती तर.

“काय म्हणालास?” दुरसुननं विचारलं.

“माफ करा,” बोटांच्या फटीतून आवाज आला. “हेर काराओस्मान, मी...”

“हेर काराओस्मान गेला खड्ड्यात! काय म्हणालास?”

एगोननं हात खाली घेतले. म्हातारा रडवेला झाला होता. “खरं सांग,” तो म्हणाला. “पुस्तकातलं नको, बाईचं नको. तेव्हा लागलं होतं का?”

दुरसुननं यंत्र खाली ठेवलं. बाईला काहीतरी द्यायचं म्हणून दिलं होतं, असं तो इतके दिवस स्वतःला सांगत होता. पण हाताला जे लागलं ते आतलंच होतं, दुसरीकडून कुठून येणार?

“लागलं होतं,” तो म्हणाला. “तुझंच लागलं होतं. सगळे हसत होते, पण आवाज तुझा होता. आठवडाभर मी घरी जाऊन तोंडावर पांघरूण घेत होतो. मग सोमवारी तू माझी पाठ घासलीस.” त्यानं मधल्या फांद्या बाजूला सारल्या. “ते आठवडाभर लागलं, बटाट्या. तू गेलास ना, तर मरेपर्यंत लागेल.”

मग एगोन एका चपलेवर लंगडत कुंपणापाशी आला, मोजपट्टी उघडली आणि वाकड्या कापलेल्या फांद्यांना लावली. “इथे एक मीटर,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “आणि इथे दीड. लाज नाही वाटत? तुझ्या शेजारी राहायचं म्हणजे माणसानं डोळे बांधून राहायचं!”

“मग राहतोस कशाला?” दुरसुननं विचारलं, आणि श्वास रोखून धरला.

“तुला सरळ कापायला कोण शिकवणार?”

हेर टापं यांनी खाकरून विचारलं, “हेर कुबाला, मग संध्याकाळच्या सभेतला तुमचा विषय?”

“आहे तर!” एगोन गरजला. “या माणसाविरुद्ध तक्रार आहे माझी! रविवारी, भर दुपारी, पेट्रोलचं यंत्र! आणि तुम्ही त्याला सरबत पाजता? त्याला काय पाहुणा समजलात? नियम त्यालाही आहेत!”

दुरसुनला इतकं बरं आयुष्यात क्वचित वाटलं असेल. नेबाहत खोपटात चहा टाकायला वळली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसत म्हणाली, “मेले दोघं.”

कापलेला पाला आणि काटक्या दुरसुनच्या शर्टात शिरल्या होत्या, सगळं अंग खाजत होतं. त्यानं शर्ट काढून झटकला. मानेखाली हात नेऊन पाहिला, हात पुरेना. मग तो कुंपणाच्या भगदाडापाशी गेला आणि एगोनकडे पाठ करून उभा राहिला.

“पाठ!” तो म्हणाला.

एगोननं मोजपट्टी मिटून खिशात ठेवली, भगदाडातून हात घातला आणि घासायला लागला.

“हळू रे! कातडी काढतोस का?”

“गप उभा राहा, लसण्या,” एगोन म्हणाला. “अजून काळी आहे.”